दोन फुटांचं जहाज नव्वद मीटरचं कसं वाटेल

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, स्वतःच लिहिलेल्या गोष्टीतलं मालवाहू अंतराळयान बनवतेयस, लांबी दोन फूट, सनबोर्डचं, म्हणजे फोमच्या हलक्या बोर्डाचं, एक करून झालं पण तुझ्याच शब्दांत "जहाज नाही वाटत, चपलांचं खोकं वाटतं". फोटोत दिसतंय ते असं की सगळीकडून सारखे चिकटवलेले चौकोनी तुकडे, पुढे एक मोठा दरवाजा, बाजूला खिडक्यांची रांग, मागे बाटलीच्या झाकणांची तीन इंजिनं. आणि तू विचारतेयस की अजून किती डिटेल लावू आणि थ्रीडी प्रिंटर घेऊ का.

मी इंदुरात बावीस वर्षं बिल्डरलोकांसाठी मॉडेलं करतो, टाऊनशिप, हॉस्पिटल, एकदा तर अख्खी दूध डेअरी केली, आणि रात्री जेवण झाल्यावर जहाजं. अकरा पूर्ण झालीत, चार कपाटावर अर्धवट पडलीत, त्यातलं एक तर सात वर्षांपासून. त्यामुळे जे सांगतोय ते बहुतेक चुका करूनच कळलेलं आहे.

अजून काही लावू नकोस. उलट निम्मं काढून टाक. तुझ्या जहाजाला डिटेल कमी पडलेलं नाही, त्यात माणूस नाहीये.

म्हणजे बघ, दोन फूट म्हणजे साधारण ६१ सेंटीमीटर. स्केल १:१४४ धरलं, म्हणजे मॉडेलच्या १४४ पट खरं, तर खरं जहाज ८८ मीटरचं होतं, मालवाहूला ठीक आहे. आता या स्केलला पावणेदोन मीटरचा माणूस येतो फक्त १२ मिलिमीटर. आणि फोटोत शेजारी ठेवलेल्या पट्टीवरून तुझा दरवाजा ३० मिलिमीटर दिसतोय, म्हणजे खऱ्यात सव्वाचार मीटर, हत्ती जाईल त्यातून! खिडक्या ८ मिलिमीटरच्या, म्हणजे प्रत्येक खिडकी माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी. बघणारा काही कॅल्क्युलेटर घेऊन बसत नाही पण डोळा दरवाजा बघतो, खिडकी बघतो आणि गुपचूप हिशोब करतो की हे एवढं-एवढंसंच आहे. तिथेच तुझं जहाज खोकं झालं. बिल्डिंगच्या मॉडेलला तू आपसूक माणसं नि गाड्या लावतेस ना, मग जहाजाला का नाही?

मी काय करतो सांगतो. व्हिजिटिंग कार्डाच्या कागदातून १२ मिलिमीटरचा माणूस कापतो, हात-पाय नीट नसले तरी चालतं, डोकं आणि खांदे दिसले पाहिजेत, त्याला लाल स्केचपेनने रंगवतो आणि खालून जरासा ब्लूटॅक, म्हणजे परत निघणारा चिकट गोळा, लावतो. याला मी हमाल म्हणतो. पूर्ण काम होईपर्यंत हमाल जहाजावर फिरत असतो. कुठलाही तुकडा चिकटवायच्या आधी हमालाला तिथे उभं करायचं आणि विचारायचं, बाबा तू इथे कसा आलास, कशाला आलास, धरायला काय आहे, पाय कुठे ठेवशील. हसू नकोस, करून बघ. हमाल इंजिनापाशी उभा केला की लगेच कळतं की इथे दुरुस्तीला यायला एक झडप पाहिजे, झडपेपासून इंजिनापर्यंत धरायला दांडा पाहिजे, टाकीतून इंजिनात पाइप कुठून तरी गेला पाहिजे आणि पाइपाला व्हॉल्व पाहिजे जिथे हमालाचा हात पोचेल. एवढं झालं की डिटेल आपोआप ठरतं आणि मुख्य म्हणजे कुठे नको तेही ठरतं.

हे शिकायला सिनेमा बघायची गरज नाही, पिथमपूर रोडला एखाद्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बस आणि टँकर बघ. अख्खं पिंप गुळगुळीत असतं. सगळे व्हॉल्व, नळ्या, गेज एका जागी खाली गोळा झालेले, वर चढायला एक शिडी, शिडी जिथे संपते तिथे झाकणं, झाकणांपाशी चालायला जाळीची पट्टी. बाकी काही नाही. एवढ्यावरून टँकर केवढा मोठा आहे ते शंभर फुटांवरून कळतं. तसंच वीज मंडळाच्या सबस्टेशनमधला ट्रान्सफॉर्मर, एका बाजूला पंखे नि रेडिएटरच्या पात्यांची गर्दी, दुसऱ्या बाजूला कोरी भिंत. तुझ्या फोटोत सगळीकडे सारखी गर्दी आहे त्यामुळे डोळ्याला टेकायला जागाच नाही. रिकामी जागा हीसुद्धा डिटेलच आहे, आमच्या धंद्यात हे नवीन पोराला सांगून पटत नाही, त्याला वाटतं रिकामं ठेवलं म्हणजे आळस केला.

सिनेमावाल्यांनी दोन्ही पद्धतींनी करून दाखवलंय तेही सांगून टाकतो. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीला डोक्यावरून जाणारं जे प्रचंड जहाज आहे त्याचं मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं, रणगाडे, विमानं, बोटी यांच्या प्लॅस्टिक किटमधले तुकडे काढून लावलेले, त्यालाच किटबॅशिंग म्हणतात. आणि त्याच्या बरोबर उलट 'स्टार ट्रेक'चं जुनं एंटरप्राइझ, १९६४ मध्ये बनलेलं, अकरा फुटांचं, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे. ते जवळजवळ सपाट आहे, तरी मोठं वाटतं कारण खिडक्या बारीक आहेत आणि कमी आहेत. म्हणजे तुकडे किती हा प्रश्नच नाही, सगळ्यात लहान ओळखू येणारी वस्तू केवढी आहे हा प्रश्न आहे.

आता सामान. सनबोर्ड वाईट नाही, पण तो सांगाड्यासाठी. वरची कातडी त्याची करू नकोस, कापलेली कड भुसभुशीत असते, कितीही पुट्टी भरली तरी रंगाखाली दिसते. कातडीला हिप्सची शीट घे, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिन, ०.५ आणि १ मिलिमीटर. पेपर कटरने दोनदा ओढलं की वाकवून तुकतुकीत मोडते. थर्माकोल आत भरायचा मोह होईल, नको, स्प्रेचा रंग त्याला खाऊन टाकतो आणि आत पोकळ झालेलं तुला वरून कळतपण नाही. हिप्स जोडायला अॅक्रेलिकवाले वापरतात तो पातळ सॉल्व्हंट, दुकानात सगळेच त्याला क्लोरोफॉर्म म्हणतात, कधी तो खरंच क्लोरोफॉर्म असतो कधी डायक्लोरोमीथेन, दोन्ही नाकासाठी वाईट, तेव्हा गच्चीत नाहीतर खिडकीत बसून आणि पंखा असा ठेवून की वाफ तुझ्याकडून बाहेर जाईल. ब्रशचं टोक सांध्याला टेकवलं की तो स्वतःच आत पळतो, प्लॅस्टिक वितळून एक होतं, चिकटवणं नाहीच ते, वेल्डिंग आहे. सनबोर्डला सनबोर्ड मात्र फेविक्विकने.

सांगाड्याच्या मधोमध अर्ध्या इंची अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप घाल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सियागंजात मिळेल. दुकानदार आधी "भिया, पूरी लेंथ लेना पडेगी" म्हणतो, मग तू कशासाठी पाहिजे ते सांगितलंस की तोच कुतूहलाने कापून देतो. पाइपाच्या पोटात स्टँडसाठी सहा नंबरचा नट आधीच अॅरल्डाइटने बसवून टाक. स्टँडचं नंतर बघू म्हणून मी माझ्या तिसऱ्या जहाजाला रंग झाल्यावर ड्रिल मारलं होतं, बिट सरकलं ते थेट कॉकपिटपर्यंत ओरखडा. आणि वायरी याच पाइपातून खाली उतरतात त्यामुळे पाइप म्हणजे तुझा कणा पण आणि नळकांडं पण.

कातडीवर रेघा मारायच्या त्या हमालाच्या हिशोबाने. ०.२ मिलिमीटरची खाच म्हणजे खऱ्यात जवळपास तीन सेंटीमीटरची फट. म्हणजे ती बारीक रेघसुद्धा खऱ्या जहाजात पाल घुसेल एवढी आहे. तू बॉलपेनने दाबून रेघा काढल्यायस त्या एक मिलिमीटर आहेत, म्हणजे मांजर आरामात जाईल. कटरच्या पात्याची पाठ वापर, धार नाही, जाड डायमो टेप (लेबल छापायची प्लॅस्टिकची पट्टी) किंवा लोखंडी पट्टीच्या आधाराने तीन-चार हलके हात, आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर. सगळीकडे रेघा नकोत. त्यापेक्षा हिप्सची सगळ्यात पातळ शीट मिळेल ती किंवा चक्क जाडसर लेबल पेपरचे तुकडे कापून इथे-तिथे प्लेटसारखे चिकटव, एखादा मोठा, शेजारी तीन लहान, मग बराच वेळ काही नाही. कठडे, दांडे यांच्यासाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ०.३ ची तांब्याची तार आण, सरळ करायची असेल तर एक टोक पकडीत धरून ओढायची, जराशी ताणली की बाणासारखी सरळ होते.

ग्रीबलसाठी, म्हणजे ते बारीकसारीक यंत्रासारखे दिसणारे तुकडे, परदेशी किट विकत आणून फोडणं मला जिवावर येतं. गोळ्यांची रिकामी पाकिटं, सलाइनच्या नळीवरचं ते चाक, इंजेक्शनच्या सुयांची टोपणं, जेल रोडला मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे डबाभर भंगार असतं त्यातल्या जाळ्या नि कनेक्टर. माझ्या सगळ्यात चांगल्या इंजिनाची जाळी म्हणजे आईच्या सोऱ्यातली बारीक शेवेची पितळी चकती आहे. मापात इतकी चपखल बसली की मी विचार न करता अॅरल्डाइट लावलं, मग दिवाळीच्या आठवड्यात घरात शोधाशोध, आणि शेवटी मी बर्तन बाजारात जाऊन नवीन चकती आणली तर ती तिच्या सोऱ्यात बसेना, जुना सोऱ्या आजीच्या वेळचा. त्या वर्षी आमच्याकडे जाडी शेव झाली. इंदुरात जाडी शेव म्हणजे काय बोलणी खावी लागतात ते तुला माहितीच असेल.

पण एक पथ्य आहे. वस्तू ओळखू आली की खेळ खलास. सगळे तुकडे तात्पुरते चिकटवून झाले की एकसारखा ग्रे प्राइमर मारायचा आणि घरातल्या अशा माणसाला दाखवायचं ज्याला यातलं काही कळत नाही. माझ्या बहिणीने एकदा तीन सेकंदांत बोट ठेवलं, "अरे ही तर उवांची फणी!" तीन आठवड्यांचं रेडिएटर होतं ते. मग ती फणी मधून कापली, उलटी केली, अर्धी एका प्लेटखाली सरकवली, आता नाही ओळखत कोणी. अख्खी वस्तू कधीच लावायची नाही, कापायची, फिरवायची, दुसऱ्या वस्तूखाली घालायची. बाटलीची झाकणं तुझी याच कारणाने काढ, त्या कडेच्या उभ्या रेघा लहान पोरगंसुद्धा ओळखतं.

प्रिंटर आत्ता घेऊ नकोस. वाईट म्हणून नाही, तू सहा महिने प्रिंटरच दुरुस्त करत बसशील म्हणून. जे गोल आणि सारखं पाहिजे, तीन इंजिनांचे भोंगे, एखादी डिश, तेवढं बाहेरून छापून घे, शक्यतो रेझिनमध्ये, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या द्रवात. रेझिनचा भाग पोकळ छापला तर आतलं ओलं रेझिन निघायला भोक ठेवायला सांग, नाहीतर महिन्याभराने तडकून चिकट पाणी बाहेर येतं, आणि ते ओलं रेझिन हातमोज्याशिवाय धरायचं नाही. साध्या फिलॅमेंटच्या पीएलएमध्ये, म्हणजे तारेसारखं प्लॅस्टिक वितळवून थरावर थर, छापलेलं असेल तर थर घासून प्राइमर, परत घासून प्राइमर, असं दोन-तीनदा. आणि पीएलए साठेक डिग्रीला मऊ पडतं हे मला वाचून माहीत होतं, कळलं मात्र मे महिन्यात, एका कॉलेजात दाखवायला नेत होतो, वाटेत दीड तास गाडी उन्हात बंद राहिली. परत येऊन बघतो तर जहाजाने मान टाकलेली. पुढचा सगळा भाग पीएलए होता, आत पाइप नव्हता. तिथे पोरांना म्हणालो की ही अपघात झालेली स्थिती आहे, त्यांना ते जास्त आवडलं हा भाग वेगळा.

लाइट्सचं तू विचारलं नाहीयेस पण करणारच आहेस, सगळे करतात, आणि तिथेच सगळ्यात जास्त वाट लागते, म्हणून सविस्तर. आधी आतून काळा रंग, दोन हात, मग त्यावर पांढरा किंवा चंदेरी. काळा नाही मारला तर हिप्समधून उजेड आरपार येतो आणि अख्खं जहाज आकाशकंदिलासारखं लालसर चमकतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आत घालून सगळे सांधे तपासायचे. मग खिडक्या. ४ मिलिमीटरची खिडकी म्हणजे खऱ्यात साधारण ५८ सेंटीमीटर, ही सगळ्यात मोठी समज, बाकी २ च्या किंवा त्याहून बारीक. बारीक खिडक्यांना फायबर ऑप्टिकची अर्धा मिलिमीटरची दोरी, पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने, भोक पाडायचं, आतून दोरी घालायची, बाहेर दोन सेंटीमीटर लोंबू द्यायची. चिकटवायला साधा फेव्हिकॉल, कुठलाही सुपरग्लू नाही, त्याने दोरी ठिसूळ होऊन तिथेच मोडते, आणि त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरी बसते ते वेगळंच. सगळ्या दोऱ्यांची मुळं एकत्र करून काळ्या नळीत घालायची, समोर एलईडी. रंग पूर्ण झाला की बाहेरचं लोंबतं कापायचं, अगदी कातडीच्या सपाटीला. जिथे लुकलुकता दिवा दाखवायचाय तिथे मिलिमीटरभर बाहेर ठेवून पेटती अगरबत्ती जवळ न्यायची, टेकवायची नाही, टोक फुगून छत्रीसारखं होतं आणि उजेड बाजूनेही दिसतो.

एलईडीचा हिशोब सोपा आहे. पांढऱ्याला साधारण ३ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टचा अॅडॅप्टर घेतला आणि तीन एलईडी एकामागे एक लावले तर ९ गेले, ३ उरले, १० मिलिअँपिअर धरले तर ३०० ओहम, बाजारात ३३० चा मिळतो तो लाव. २० पर्यंत चालतात पण कशाला, निम्म्यावर पुष्कळ उजेड पडतो आणि बंद डब्यात गरम होत नाही. प्रत्येक रांगेला वेगळा रेझिस्टन्स, एकच सगळ्यांना मिळून लावू नकोस. आणि सगळ्या खिडक्या पेटवू नकोस! रात्री साडेनऊला एबी रोडवरच्या कुठल्याही उंच बिल्डिंगकडे बघ, काही घरं अंधारी, कुठे पिवळा, कुठे पांढरा, एका ठिकाणी पडदा लावलेला. तेच कर, वॉर्म व्हाइट जास्त, कूल व्हाइट थोडे, काही दोऱ्यांच्या मुळावर बटर पेपरचा तुकडा. आत माणसं राहतात हे फक्त त्या अंधाऱ्या खिडक्यांनी कळतं. आणि वायर बाहेर काढायला एक बाजू बिघडवावी लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस, त्या एंटरप्राइझची डावी बाजू अर्धवटच आहे, वायरी तिकडूनच निघायच्या आणि शूटिंग उजवीकडून.

रंगाचं थोडक्यात, कारण तुला एअरब्रश येतो म्हणतेस. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकरचा हात मारायचा नाही, हवेतला दमटपणा त्यात अडकतो आणि पांढरी झाक येते. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा डबीतून सरळ वापरायचा नाही, जहाज लहान दिसतं, पांढऱ्यात कणभर करडा नि पिवळा. मास्किंग टेपने काही प्लेटा वेगळ्या काढून त्याच रंगाचे तीन-चार जवळजवळचे शेड दे, फरक दिसेल न दिसेल इतकाच. मग चकचकीत ग्लॉस वॉर्निश, त्यावर डेकल म्हणजे चिकटवायची अक्षरं-खुणा, काळपट वॉश म्हणजे पातळ केलेला रंग फक्त खाचांत, शेवटी बिनचमकीचं मॅट वॉर्निश.

जुनंपण दाखवताना मात्र थांबून विचार कर, कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. वरून खाली ओघळलेले गंजाचे पट्टे काढतात. अरे अवकाशात पाऊस कुठून येणार? ओघळायला खाली कुठे आहे? तुझं जहाज कुठल्या ग्रहावर उतरत असेल तर ठीक, तुझ्या गोष्टीत ते गोदीला लागतं म्हणतेस, मग ओरखडे गोदीच्या कड्यापाशी, काळवंडणं छोट्या थ्रस्टरच्या, म्हणजे दिशा वळवायच्या इंजिनांच्या, तोंडापाशी, आणि उन्हाकडची बाजू जराशी पिवळट. बाकी झिज हमालामुळे. तो जिथे दांडा धरतो तिथे रंग उडालेला, झडपेखाली जिथे त्याचे बूट घासतात तिथे धातू दिसतोय, एवढंच, आणि तेसुद्धा ३/० नंबरच्या अगदी बारीक ब्रशने ठिपक्या-ठिपक्याने, स्पंजने थापून नाही.

या आठवड्यात खोकं मोडू नकोस. फक्त हमाल काप, दरवाजा १४ मिलिमीटरचा करून जुन्यावर टेपने लाव, खिडक्यांवर पांढरा कागद चिकटवून त्यावर पेन्सिलने दोन-दोन मिलिमीटरच्या सात-आठच काढ, आणि पोटाचा अर्धा भाग कोरा कर. डोळ्याच्या पातळीवर ठेवून मोबाइलने फोटो काढ, एकच लाइट, बाजूने, मागे काळं कापड. जुन्या फोटोशेजारी ठेवून बघ आणि मगच हिप्स आणायला जा.

हमाल काढायला मात्र विसरू नकोस. माझ्या पाचव्या जहाजाचा एअरलॉकच्या, म्हणजे बाहेर पडायच्या दुहेरी दाराच्या, मागे तसाच राहिला, त्याच्यावरूनच प्राइमर आणि रंग मारला गेला, आणि परवा एक पाहुणा म्हणाला की इथे तुम्ही काहीतरी छान यंत्र लावलंय, कसलं आहे ते.